सपाट पानावरची खोली : संयोजन-प्रणालीतील त्रिमितीय मॉडेलच्या चलनाची समीक्षा

प्रास्ताविक

कोणतेही साधन कलावंताच्या हाताला वळण लावल्यावाचून राहत नाही. बोरूने काढलेले अक्षर आणि टाकाने काढलेले अक्षर एकाच हाताचे असले तरी एकसारखे नसते. संगणकावरील दृश्यनिर्मितीच्या साधनांबाबतही हेच म्हणता येईल. मात्र या साधनांचा विचार आपल्याकडे बहुधा 'कसे करावे' या अंगानेच झालेला दिसतो. कोणती कळ दाबली असता कोणता परिणाम मिळतो याची माहिती देणारे साहित्य विपुल आहे. परंतु तो परिणाम दृश्यकलेच्या कसोटीवर काय ठरतो, त्याने काय साधले आणि काय गमावले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एका मर्यादित क्षेत्रापुरता विचार केला आहे. हे क्षेत्र म्हणजे मोशन ग्राफिक्स आणि कंपोझिटिंग, म्हणजेच अनेक चित्रस्तर एकत्र आणून एक चित्र सिद्ध करणाऱ्या प्रणालींमध्ये त्रिमितीय मॉडेलला दिली जाणारी गती.

वरवर पाहता हा विषय निखळ तांत्रिक वाटेल. तथापि त्याच्या मुळाशी अवकाशाविषयीच्या दोन भिन्न कल्पनांचा संघर्ष आहे. संयोजन-प्रणाली चित्राकडे पानांची चळत म्हणून पाहते. त्रिमितीय मॉडेल मात्र पुढची, मागची, वरची आणि खालची बाजू असलेली वस्तू म्हणून तेथे येते. पानांच्या चळतीत वस्तू ठेवली तर दोहोंपैकी एकाला तडजोड करावी लागते. ती तडजोड कोणी केली, हे पडद्यावर दिसते. दूरदर्शन वाहिन्यांवरील गिरक्या घेणाऱ्या बोधचिन्हांपासून ऐतिहासिक चित्रपटांतील संगणकीय किल्ल्यांपर्यंत अनेक दृश्यांतील खोटेपणा प्रेक्षकाला जाणवतो, पण त्याचे कारण त्याला सांगता येत नाही. ते कारण पुष्कळदा या तडजोडीत सापडते.

क्रम आणि अंतर

स्तरांची ही भाषा संगणकाने निर्माण केलेली नाही. लोट्टे रायनिगर या जर्मन कलावतीने १९२६ साली पूर्ण केलेल्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स आखमेद' या छायाकृतींच्या चित्रपटात काचेच्या एकाखाली एक ठेवलेल्या तावदानांचा उपयोग केला होता. डिस्नेच्या 'द ओल्ड मिल' या १९३७ च्या लघुपटात बहुस्तरीय कॅमेऱ्याची यंत्रणा वापरली गेली. उंचावर बसविलेला कॅमेरा खाली पाहत असे. त्याच्याखाली निरनिराळ्या अंतरांवर रंगविलेल्या काचा असत. जवळची काच वेगाने आणि दूरची सावकाश सरकली की सपाट चित्रांमधून खोलीचा भास होई. आगगाडीच्या खिडकीतून तारेचे खांब झपाझप मागे पळतात आणि डोंगर मात्र गाडीबरोबर चालत असल्यासारखा भासतो, हा सर्वांच्या अनुभवातला प्रकार येथे यंत्राने साधला होता.

संगणकाच्या क्षेत्रात या विचाराला गणिती रूप आले ते १९७० च्या दशकात. चित्रबिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या मूल्यांना 'तो बिंदू किती झाकतो' हे सांगणारे चौथे मूल्य जोडण्याची कल्पना एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली. या मूल्याला 'अल्फा' असे नाव मिळाले. १९८४ मध्ये टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरे चित्र ठेवण्याचे बीजगणितच सिद्ध केले. आजची प्रत्येक संयोजन-प्रणाली या बीजगणितावर उभी आहे. गंमत अशी की, याच कॅटमल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात नेमकी विरुद्ध दिशेची कल्पनाही मांडली होती. तिच्यात प्रत्येक चित्रबिंदूसाठी त्याचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर नोंदवले जाते आणि जे जवळचे ते दिसते.

या दोन कल्पनांमधील भेद तांत्रिक असण्यापेक्षा तात्त्विक अधिक आहे. अल्फा 'किती झाकले?' असे विचारतो, तर अंतराची नोंद 'किती दूर?' असे विचारते. पहिल्या पद्धतीत कोण पुढे आणि कोण मागे हे रचनाकार ठरवतो; तो वाटेल तेव्हा पान उचलून वर ठेवू शकतो. दुसऱ्या पद्धतीत क्रम हा अंतराचा परिणाम असतो आणि रचनाकारालाही तो मानावा लागतो. क्रम मानणारे अवकाश लेखकाच्या मर्जीतले असते; अंतर मानणारे अवकाश वस्तूंच्या मर्जीतले असते.

ॲडोबी आफ्टर इफेक्ट्स ही मोशन ग्राफिक्सच्या क्षेत्रात सर्वांत रूढ झालेली प्रणाली. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील कोसा या छोट्या कंपनीने ती १९९३ मध्ये बाजारात आणली. त्याच वर्षी ती आल्डसकडे आणि १९९४ मध्ये ॲडोबीकडे गेली. जन्मतः ती पहिल्या पद्धतीची, क्रमाची प्रणाली होती. २००१ मधील पाचव्या आवृत्तीत तिच्या स्तरांना तिसरा अक्ष, कॅमेरा आणि दिवे मिळाले. मात्र तो स्तर कागदासारखाच राहिला. त्याला जाडी नव्हती. नव्वद अंशांत फिरवला की तो दिसेनासा होई. व्यवसायातील मंडळी अशा रचनेला अवकाशात टांगलेली पोस्टकार्डे म्हणतात, आणि हे वर्णन अगदी नेमके आहे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट या प्रणालीच्या वर्तनात आढळते. दोन त्रिमितीय स्तरांच्या मध्ये एक साधा द्विमितीय स्तर ठेवला की वरचा गट आणि खालचा गट एकमेकांपासून तुटतात. ते निरनिराळे रेखले जातात. वरच्या गटातील वस्तूची सावली खालच्यावर पडत नाही, त्या एकमेकींना छेदतही नाहीत. एक सपाट कागद मध्ये आला आणि दोन वस्तूंचे एकाच जगात असणे संपले. हा प्रणालीतील दोष आहे असे नव्हे. तो तिचा स्वभाव आहे. क्रमाचे अवकाश अंतराच्या अवकाशाला सवलत देते, पण सत्ता आपल्याच हाती ठेवते.

कापलेली माणसे

या स्वभावाचा कलात्मक उपयोग कसा करता येतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे ब्रेट मॉर्गन आणि नॅनेट बर्स्टीन दिग्दर्शित 'द किड स्टेज इन द पिक्चर' हा २००२ चा माहितीपट. पॅरामाउंट स्टुडिओचे एकेकाळचे निर्मितिप्रमुख रॉबर्ट इव्हान्स यांच्या १९९४ मधील आत्मचरित्रावर तो आधारलेला असून निवेदन खुद्द इव्हान्स यांचेच आहे. चित्रपटात जुन्या छायाचित्रांतील माणसे त्यांच्या पार्श्वभूमीपासून कापून वेगळी केलेली आहेत. कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो तसा माणूस पार्श्वभूमीपासून सुटतो, त्याच्यामागे खोली उघडते आणि गोठलेल्या क्षणात वारा शिरल्यासारखा वाटतो.

हे तंत्र येथे शोभते याचे कारण केवळ ते नवे होते हे नव्हे. इव्हान्स यांचे निवेदन बढाईखोर, रंगेल आणि आत्मप्रेमाने ओथंबलेले आहे. त्यांच्या आठवणीतील हॉलिवूड हे मुळातच चित्रपटगृहाच्या दारात उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आकृत्यांचे जग आहे. त्यामुळे माणसांना खोली मिळते पण जाडी मिळत नाही, ही तंत्राची मर्यादाच आशय होऊन जाते. प्रेक्षक एकाच वेळी मोहित होतो आणि सावधही होतो. साधनाच्या स्वभावाशी भांडण न करता त्याच्याकडून अर्थ वदवून घेणे याला कलादृष्टी म्हणावे लागेल.

तथापि यशस्वी युक्तीचे जे होते तेच या युक्तीचे झाले. पुढील काळात ती इतकी पसरली की माहितीपटातील प्रत्येक छायाचित्र कापण्याजोगे वाटू लागले. येथे एक नैतिक प्रश्न उद्भवतो आणि त्याची जितकी चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. माणूस छायाचित्रातून उचलला की त्याच्यामागे भोक पडते. ते बुजवण्यासाठी जे रंगवावे लागते ते मूळ कॅमेऱ्याने कधी पाहिलेलेच नसते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी कॉलिन लो आणि वुल्फ कोनिग यांनी १९५७ मध्ये केलेल्या 'सिटी ऑफ गोल्ड' या लघुपटातही डॉसन शहराच्या जुन्या छायाचित्रांवरून कॅमेरा फिरतो. पण तेथे नजर फिरते, छायाचित्र अखंड राहते. पुरावा म्हणून जे छायाचित्र समोर येते त्याचा काही भाग नंतर रंगविलेला असतो, ही गोष्ट गप्पिष्ट निर्मात्याच्या आठवणींत खपून जाते. दुष्काळाच्या, दंगलीच्या किंवा फाळणीच्या छायाचित्राबाबत ती खपवून घेता येईल काय? अशा छायाचित्राला खोली देणारा संयोजक इतिहासाच्या साधनात प्रक्षेप घालत असतो. पोथीतल्या प्रक्षिप्त ओव्यांविषयी जागरूक असणाऱ्या अभ्यासकाने या प्रक्षेपाविषयीही तितकेच जागरूक असावयास हवे.

वजनाचा प्रश्न

पोस्टकार्डांच्या जागी खरे घनाकृती मॉडेल आणण्याचे प्रयत्न या प्रणालीत वारंवार झाले. २००८ मध्ये फोटोशॉपमधील त्रिमितीय स्तर थेट आणण्याची सोय झाली आणि २०१२ मध्ये ती काढूनही टाकली गेली. त्याच वर्षी जाडी असलेली अक्षरे रेखणारी किरणानुसारी पद्धत आली, ती संथपणामुळे फार रुजली नाही आणि पुढे तीही गेली. २०१२ मध्येच व्हिडिओ कोपायलट या संस्थेचे एलिमेंट थ्री-डी हे जोडसाधन आले आणि लोकप्रिय झाले. २०१३ मध्ये सिनेमा फोर-डी या प्रणालीची लहान आवृत्ती सोबत देण्यात आली. अखेर २०२३-२४ च्या सुमारास दुसरीकडे घडवलेले मॉडेल कोणत्याही जोडसाधनाशिवाय थेट आणणे, त्यावर छायाचित्रापासून मिळवलेला परिसर-प्रकाश टाकणे आणि मॉडेलमध्ये आधीच भरलेली हालचाल वापरणे शक्य झाले. दीड दशकातील ही ये-जा पाहिली तर पान वस्तूला सहजासहजी घरात घेत नाही, हेच दिसून येते.

मॉडेल आले म्हणजे गती आली असे मात्र नाही. या संदर्भात जॉन लॅसेटर यांच्या 'लुक्सो ज्युनियर' या १९८६ च्या, जेमतेम दोन मिनिटांच्या लघुपटाकडे वळणे आवश्यक आहे. त्यात पात्रे दोन: एक मोठा टेबलदिवा आणि एक छोटा. छोटा दिवा चेंडूशी खेळतो, त्याच्यावर उड्या मारतो आणि चेंडूतील हवा निघून जाते. दिव्यांना डोळे नाहीत, तोंड नाही. तरीही कोण वडीलधारे आणि कोण पोर हे क्षणात कळते. ते कळते वजनावरून. मोठा दिवा मान वळवतो ती जड डोक्याने, सावकाश; छोटा उडी मारण्यापूर्वी दबतो, उसळतो, पडल्यावर सावरतो. लॅसेटर यांनी १९८७ च्या निबंधात डिस्नेच्या परंपरेतील तत्त्वे संगणकीय त्रिमितीला कशी लागू पडतात हे दाखवले. त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा असा की, वस्तूचे वजन तिच्या आकारातून तितकेसे कळत नाही, जितके तिला हलायला आणि थांबायला लागणाऱ्या वेळातून कळते. एकाच आकाराचे दोन गोळे पडद्यावर ठेवले तर त्यातला कापसाचा कोणता आणि लोखंडाचा कोणता हे ते स्थिर असेपर्यंत कळणार नाही.

आता संयोजन-प्रणालीत मॉडेल हलवण्याची रीत पाहू. तेथे स्थान, कोन आणि आकारमान यांची मूल्ये काळरेषेवर कीफ्रेमने बांधली जातात. दोन कीफ्रेममधील मूल्ये प्रणाली स्वतः भरते. मॉडेलचे सांधे, त्याचे वाकणे, त्याचा आतील सांगाडा हे सारे मूळ त्रिमितीय प्रणालीत घडलेले असते. येथे ते बहुधा बंद पेटीसारखे येते. साहजिकच संयोजकाच्या हाती सर्वांत सुलभ असे जे उरते ते म्हणजे अख्खी वस्तू फिरवणे आणि तिच्याभोवती कॅमेरा घिरट्या घालायला लावणे. यातूनच ती परिचित शैली जन्मली, जिच्यात सर्व काही हलते पण काहीच करत नाही. चलन आहे, क्रिया नाही. वाहिनीचे बोधचिन्ह अंधारातून फिरत येते, चकाकते, स्थिरावते. ते सोन्याचे आहे की प्लास्टिकचे हे त्याच्या चकाकीवरून कळते, गतीवरून कधीच नाही. दोन्ही टोकांना गती मऊ करणारी तयार आज्ञा एका कळीवर उपलब्ध असल्याने किल्ल्याचा दरवाजा आणि फुलपाखराचा पंख एकाच लयीत उघडतात. तयार मसाल्याच्या पुड्यांनी स्वयंपाक सोपा झाला, पण वांग्याची भाजी आणि बटाट्याची भाजी एका चवीची होऊ लागली, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी अडचण सावलीची. वस्तू जमिनीवर उभी आहे हे डोळ्यांना पटते ते पायथ्याशी असलेल्या दाट, निमुळत्या सावलीमुळे. छायाचित्रित दृश्याच्या स्तरावर मॉडेल ठेवले तर छायाचित्रातील जमीन ही प्रणालीच्या दृष्टीने जमीन नसते. तो केवळ रंगांचा पृष्ठभाग असतो. तिच्यावर सावली पाडण्यासाठी एक अदृश्य पृष्ठभाग रचावा लागतो, त्याचा कोन मूळ कॅमेऱ्याच्या कोनाशी जुळवावा लागतो, प्रकाशाची दिशा ताडावी लागते. हे जेथे घाईत होते तेथे मॉडेल तरंगते. घोडदळ धावते आणि खुरांखाली धूळ आहे पण भार नाही, तट कोसळतो पण जमीन हादरत नाही, असा अनुभव भारतीय प्रेक्षकाला नवा नाही. अशा वेळी समीक्षक 'ग्राफिक्स कच्चे आहेत' एवढेच म्हणून थांबतो. खरे पाहता कच्चे असते ते मॉडेल नव्हे. दोन अवकाशांमधील सांधा कच्चा असतो.

दादासाहेब फाळके यांची आठवण येथे अपरिहार्य आहे. 'राजा हरिश्चंद्र' पूर्वी त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या वाढीचे टप्प्याटप्प्याने चित्रण करून जो छोटा पट तयार केला, त्यात माती खरी, प्रकाश खरा आणि सावलीही खरी होती. त्यांनी निर्माण केला तो फक्त काळ. १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज' या पटातील काड्याही खऱ्याच होत्या. संगणकीय संयोजकाच्या वाट्याला नेमके याच्या उलट येते: काळ त्याला फुकट मिळतो, परंतु माती, प्रकाश आणि वजन यांची किंमत एकेक करून मोजावी लागते.

कारण असलेली गती

या सर्व अडचणींवर मात केल्याचे उदाहरण म्हणून 'गेम ऑफ थ्रोन्स' या २०११ मध्ये एचबीओवर सुरू झालेल्या मालिकेच्या शीर्षकदृश्याचा विचार करता येईल. अँगस वॉल यांच्या दिग्दर्शनाखाली इलॅस्टिक या संस्थेने ते निर्माण केले आणि त्याच वर्षी त्याला शीर्षकरचनेचा एमी पुरस्कार मिळाला. कॅमेरा एका नकाशावरून उडत जातो. ठिकठिकाणी दंतचक्रे फिरू लागतात आणि त्यांच्या गतीने बुरूज, तट, मनोरे जमिनीतून उभे राहतात. मध्यभागी सूर्यासारखा तळपता प्रकाश असून त्याच्याभोवती कोरीव पट्ट्यांचे यंत्र फिरते. नकाशा सपाट नाही, तो गोलाच्या आतील बाजूस पसरलेला आहे. त्यामुळे क्षितिज खाली न वळता वर चढत जाते.

या दृश्याचे यश सामान्यतः त्याच्या भव्यतेत शोधले जाते. ते बरोबर नाही. भव्यता स्वस्तात मिळते. या दृश्याचे खरे बळ असे की, त्यात कोणतीही वस्तू कारणावाचून हलत नाही. मनोरा वर येतो कारण दांडा फिरला. दांडा फिरला कारण चक्र फिरले. प्रत्येक गतीचे मूळ पडद्यावर दाखवलेले असल्याने वजनाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. प्रेक्षक वस्तूचे वजन तिच्या लयीत शोधत नाही, तर तिला हलवणाऱ्या यंत्रात शोधतो आणि ते त्याला सापडते. रहाटाला लागलेला पोहरा पाहताना विहीर किती खोल आहे हे कळते, तसे. मधोमध असलेल्या एकाच प्रकाशामुळे सर्व सावल्यांची दिशा एका नियमाने ठरते आणि जवळचे-दूरचे धूसर ठेवल्याने हे सारे टेबलावर मांडलेल्या लाकडी खेळण्यासारखे वाटते. खेळण्याकडून प्रेक्षकाची अपेक्षा खेळण्याइतकीच असते. पर्वताचे वजन दाखवण्याचा वृथा प्रयत्न टाळून लाकडाचे वजन दाखवण्यात रचनाकारांनी फार मोठे शहाणपण दाखवले आहे.

उणीव नाही असे नाही. वस्तूंना कारण आहे, पण कॅमेऱ्याला नाही. तो भुंग्यासारखा उडतो, वळतो, झेपावतो. त्याला स्वतःचे वजन नाही, त्यामुळे काही वळणांवर सुंदर यंत्रातून संगणकाचा हलकेपणा डोकावतो. भाग बदलतील तशी स्थळे बदलत गेली तरी उभारणीची रीत तीच राहिल्याने ऋतूमागून ऋतू तिचे आश्चर्य ओसरले, हेही मान्य करावे लागेल.

२०१९ च्या अखेरच्या ऋतूसाठी हे दृश्य नव्याने रचण्यात आले. उत्तरेकडील महाभिंतीला पडलेल्या खिंडारापासून ते सुरू होते आणि नकाशाच्या फरशा एकापाठोपाठ एक उलटत निळ्या बर्फाळ होत जातात. कॅमेरा आता इमारतींवरून न जाता त्यांच्या आत, तळघरात शिरतो. या बदलाचे कौतुक झाले ते तपशिलांच्या समृद्धीसाठी. अधिक लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. फरशा उलटतात तेव्हा त्यांना उलटवणारे चक्र दिसत नाही. आठ वर्षे पाळलेला कारणाचा नियम येथे प्रथमच मोडला आहे, आणि तो नेमका मृतांची सेना ज्या वाटेने येते त्या वाटेवर मोडला आहे. नियम पाळल्यामुळेच तो मोडण्याला अर्थ आला. मोशन ग्राफिक्ससारख्या उपयोजित मानल्या गेलेल्या प्रकारातही गतीचे असे व्याकरण उभे राहू शकते आणि त्यातील अपवादाने भीती निर्माण करता येते, याकडे कलासमीक्षेने गांभीर्याने पाहावयास हवे.

झोपलेला आणि मेलेला

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात उत्तम चित्रकाराची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत वाऱ्याच्या गतीनुसार लाटा, ज्वाला, धूर आणि पताका रेखाटणारा तो चित्रज्ञ, असे एक लक्षण येते. झोपलेल्याला चेतनायुक्त, मृताला चेतनारहित दाखवता येणे आणि सखल-उंच भाग वेगळे दाखवता येणे, हेही तेथे अपेक्षिले आहे. भिंतीवरच्या स्थिर चित्रासाठी सांगितलेली ही कसोटी संगणकीय मॉडेलला अनपेक्षितपणे लागू पडते. उंच-सखल भाग दाखवणे हे आता यंत्राचे काम झाले. त्यात चित्रकाराचे श्रेय उरले नाही. पण झोपलेला आणि मेलेला यांतला भेद यंत्राला अजूनही कळत नाही.

रेखाचित्रांच्या सचेतनपटात पात्र क्षणभर थांबले तरी चालते. रेषेतच थोडा कंप असतो. त्रिमितीय मॉडेलच्या दोन कीफ्रेममध्ये मूल्य समान ठेवले तर ते पूर्णपणे थांबते आणि थांबताच मरते. कुशल सचेतनकार त्या थांबण्यातही किंचित हालचाल राखतात, पोज पुढे झिरपत ठेवतात. लॅसेटर यांनीही या धोक्याकडे लक्ष वेधले होते. संयोजन-प्रणालीत वाढलेल्या हाताला ही गोष्ट उशिरा कळते, कारण पानाला थांबण्यात काहीच गमवावे लागत नाही. पान थांबले तरी पानच असते. यावर उपाय म्हणून जी स्वयंचलित थरथर सर्वत्र लावली जाते ती श्वास वाटत नाही, ताप वाटतो.

अध्यापनाच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. मुंबई-पुण्यातील दृश्यपरिणामांच्या स्टुडिओंमध्ये मराठी तरुणांची मोठी संख्या काम करते. त्यांच्या वाट्याला सुरुवातीला येते ते बहुधा माणसे चौकटीमागून चौकट कापण्याचे, तारा पुसण्याचे, कॅमेऱ्याचा माग काढण्याचे काम, तेही पुष्कळदा परदेशी चित्रपटांसाठी. हे काम कष्टाचे आहे, त्याला डोळ्याची शिस्त लागते आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र ते सर्वस्वी पानांच्या चळतीचे काम आहे. जो विद्यार्थी महाविद्यालयातच वस्तूचे वजन आणि थांबण्याची कला शिकला नाही, त्याला ती शिकण्याची सवड पुढे मिळेलच असे नाही. अभ्यासक्रमाची प्रात्यक्षिक परीक्षा जर आज्ञांच्या क्रमावर गुण देत असेल, तर ती पानांच्या चळतीचीच परीक्षा होय. प्रणालीच्या आज्ञा दोन वर्षांत बदलतात. वर नोंदवलेली सोयींची ये-जा त्याची साक्ष आहे.

याला पर्याय म्हणून फार मोठी साधने लागत नाहीत. विद्यार्थ्याला घरच्या स्वयंपाकाच्या ओट्याचे एक छायाचित्र घेऊन त्यावर माठाचे साधे मॉडेल ठेवावयास सांगावे. माठ फिरवायचा नाही, त्याभोवती कॅमेरा न्यायचा नाही. तो फक्त एका बाजूला किंचित कलंडून पुन्हा स्थिर झाला पाहिजे, आणि तो भरलेला आहे की रिकामा हे पाहणाऱ्याला न सांगता कळले पाहिजे. भरलेला माठ कलंडला तर आतले पाणी मागाहून येते आणि त्याला दुसऱ्यांदा हलवते. रिकामा माठ ठक्कन बसतो. त्यानंतर माठाचा स्तर बंद करून ओट्यावर एकटी सावली चालू ठेवावी आणि वर्गाला विचारावे की माठ भरलेला होता की रिकामा.